पेशंटबरोबर कोण आहे?

पाटीवर काहीही नाव असो, सरकारी दवाखान्याला लोक आपल्या नावानं ओळखतात. कोल्हापुरात थोरला दवाखाना, संभाजीनगरात घाटी, नागपुरात मेडिकल आणि मेयो, पुण्यात नुसतं ससून आणि बहुतेक जिल्ह्यांच्या गावी सिव्हिल. यातल्या कुठल्याही दारात स्ट्रेचर थांबलं की पहिला प्रश्न येतो, "पेशंटबरोबर कोण आहे?" जो "मी" म्हणतो, तो त्या क्षणापासून दवाखान्याच्या कामाला लागतो. केसपेपर काढतो, स्ट्रेचरची एक बाजू धरतो, एक्स-रेच्या रांगेत उभा राहतो, रक्ताची चिठ्ठी घेऊन ब्लड बँकेत धावतो आणि रात्री सलाईनकडे डोळे लावून बसतो. त्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं आणि त्याच्या झोपण्याची जागा इमारतीच्या नकाशात नसते. पुढची टिपणं त्याच्याविषयी आहेत.

*

सासूबाई अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांच्या हाडांच्या वॉर्डात आम्हाला कॉट मिळाली. पायाला वजन लावलं होतं आणि ऑपरेशनची तारीख लागायची होती. अशा वेळी पेशंटला उठता येत नाही, कुशीवर वळता येत नाही. सगळं जागेवर. मला त्यातलं काही येत नव्हतं आणि ते शिकवायला आली ती वॉर्डातली मावशी, हातातली बादली बाजूला ठेवून.

"कंबर ओढून वर करायची नाही बरं का. आजी, चांगला पाय गुडघ्यात दुमडा. आता त्याच पायावर जोर द्या." सासूबाई बोटभर वर झाल्या आणि तेवढ्यात मावशीनं चांगल्या बाजूनं पॉट आत सरकवला. सरकवायच्या आधी त्याच्या काठावर थोडी पावडर भुरभुरली, म्हणजे कातडी ओढली जात नाही. मोडलेल्या पायाला तिनं हातसुद्धा लावला नाही. मग माझ्याकडून तेच करून घेतलं. जाताजाता म्हणाली, "पाठीखालनं दर दोन तासांनी हात फिरवायचा. ओलं लागलं की चादर बदलायची. पाठ फुटली तर हाड परवडलं म्हणायची पाळी येते, ताई."

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढं काय होतं, यातला किती मोठा भाग त्या पावडरीवर आणि त्या चादरीवर अवलंबून असतो, हे हाडांचा कुठलाही डॉक्टर सांगेल. तरी हे शिकवणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. मावशी कंत्राटी होती. तिचं काम फरशी पुसणं आणि पॉट धुणं. शिकवलं ते तिनं आपल्या मनानं.

हे शिकवणं रुग्णालयाच्या रोजच्या कामात बसवता येतं, याचं चांगलं उदाहरण देशात आहे. नूरा हेल्थ या संस्थेनं कर्नाटकात नारायणा हेल्थच्या रुग्णालयांपासून सुरुवात केली. नर्सनी नातेवाइकांना वॉर्डातच एकत्र बसवायचं आणि हात कसे धुवायचे, जखम कशी सांभाळायची, घरी गेल्यावर कुठलं लक्षण दिसलं की लगेच परत यायचं, हे समोर करून दाखवायचं. पुढे अनेक राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत ही पद्धत गेली. त्यासाठी यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक नर्स आणि तिला मोकळा मिळालेला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तिला द्यायचा, तर वॉर्डात नर्स पुरेशा हव्यात. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल, तर तिनं इंजेक्शनं द्यायची की शिकवायचं?

*

राऊंड.

सकाळी आठपासून वॉर्डात एकच बोलणं असतं, मोठे डॉक्टर कधी येणार? कुणी म्हणतं नऊ, कुणी म्हणतं ओपीडी आटोपल्यावर. नातेवाईक चहाला जात नाहीत, अंघोळीला जात नाहीत, कारण तेवढ्यात राऊंड आला तर? पेशंटचं सगळं भवितव्य त्या दोन-तीन मिनिटांत ठरायचं असतं. आज ऑपरेशन आहे का, रिपोर्ट काय आला, दुसरीकडे रेफर करणार का.

आणि मग राऊंड येतो. शिटी वाजवावी तशा आवाजात सुरक्षारक्षक सांगतो, "नातेवाईक बाहेर! चला, चला, बाहेर व्हा!" सगळे व्हरांड्यात. आत डॉक्टर, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर, इंटर्न, फायली धरलेली सिस्टर. डॉक्टर जे सांगतात ते ऐकायला कॉटवर कोण असतं? गुंगीतली म्हातारी, तापानं फणफणलेली बाई, ऐकू कमी येणारी आजी. ज्यानं ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि घरी फोन करून सांगायचं, तो जाळीच्या दाराबाहेर टाचा उंचावून बघत असतो.

राऊंड संपला की आत धाव. "आई, काय म्हणाले?" आई म्हणते, "बरं हाय म्हणाले." शेजारच्या कॉटवरची म्हणते, "न्हाई, उद्या उपाशी राहा म्हणाले." मग सिस्टरकडे जायचं. सिस्टर औषधांच्या ट्रॉलीशी असते. ती म्हणते, "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर पुढच्या वॉर्डात गेलेले असतात.

गर्दी टाळायला बाहेर काढावं लागतं, हे मला पटतं. चाळीस पेशंटचे ऐंशी नातेवाईक मध्ये उभे असतील तर तपासणार कसं? पण ज्या कॉटवर डॉक्टर पोचले तिथल्या एका माणसाला आत बोलावणं, एवढं तरी करता येईल. आमच्या वॉर्डात एक निवासी डॉक्टर हे स्वतःहून करायची. राऊंड झाला की तासाभरानं ती एकटी परत यायची, कॉटच्या पायथ्याशी उभी राहायची आणि विचारायची, "यांचं कोण आहे?" मग मराठीत, सावकाश, "आजींच्या रक्तात लोह कमी आहे. आधी एक बाटली रक्त देऊ, मग भूल देता येईल. म्हणून तारीख पुढे गेली." तेवढ्या तीन वाक्यांनी त्या दिवशी आमच्या घरचे सगळे फोन शांत झाले. विशीतली मुलगी, डोळे तारवटलेले, आदल्या सकाळपासून ड्यूटीवर. तिला कुणी हे काम लावून दिलेलं नव्हतं.

*

2017च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावानं एका निवासी डॉक्टरला मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी मेंदूचा सर्जन तिथे नव्हता आणि तसं त्यानं सांगितलं, एवढाच त्याचा यातला भाग होता. नंतर राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले, रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढले, भेटीच्या पासाचे नियम कडक झाले. डॉक्टरांना मारहाण रोखणारा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहेच.

मारणाऱ्याची बाजू घेण्यासारखं यात काही नाही. तरी व्हरांड्यात बसून मला एवढं दिसलं, की माणूस भडकतो तो बहुतेक वेळा पेशंट दगावतो तेव्हा, आणि आपला माणूस इतका गंभीर होता हे त्याला त्याच क्षणी पहिल्यांदा कळलेलं असतं. कालपर्यंत सगळे "बरं हाय" म्हणत होते. पहारेकरी दारावर हवेत. पण बातमी सांगायला माणूस नेमला, तर पहारेकऱ्याचं काम पुष्कळ हलकं होईल.

*

भेटायला येणारे.

दुपारी चारच्या सुमाराला एसटी स्टँडकडून माणसांची रांग लागते. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून या रांगेत आयाबाया जास्त दिसतात, आणि ते मला फार चांगलं वाटतं. पूर्वी मामा एकटा येऊन जायचा, आता मामी पण येते, आणि वॉर्डात मामीचाच उपयोग जास्त. ती आल्या आल्या पदर खोचून पेशंटचे केस विंचरायला घेते.

पिशवीत बिस्किटांचा पुडा, सफरचंदं, शहाळं. पेशंटला अनेकदा त्यातलं काही चालत नसतं. निघताना वडीलधारं माणूस उशाखाली शंभराची नोट सरकवतं, "असू दे, चहापाण्याला." या नोटेबद्दल मी शहरातल्या लोकांना नाक मुरडताना पाहिलंय. मला ती रीत मोलाची वाटते. औषध फुकट असलं तरी दवाखान्यात बसलेल्या माणसाचा रोज बुडालेला असतो, आणि त्या नोटा जमून रात्रीचं जेवण निघतं.

आणखी एक प्रकार आहे, त्याचा मात्र त्रास होतो. "आमच्या वाडीतल्या एकीचं असंच मोडलं होतं, ती काही उठलीच नाही परत." पेशंट समोर पडून ऐकतोय. असल्या गोष्टी व्हरांड्यातसुद्धा बोलू नयेत.

*

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी तिथल्या गोंड माणसांना विचारलं, तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते? लोकांनी सांगितलं, की इमारत इतकी मोठी असते की आत गेलं की हरवायला होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्यात तर आम्ही मेलेलं माणूस गुंडाळतो. आणि आजाऱ्याला आत घेऊन त्याच्या माणसांना बाहेर ठेवतात.

शोधग्राम, म्हणजे 'सर्च'चं आवार, तिथला दवाखाना या उत्तरांवरून उभा राहिला. गोंडांच्या खेड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा. पेशंटचं माणूस त्याच्याजवळ राहू शकतं. देवीच्या नावावरून त्याचं नाव मां दंतेश्वरी दवाखाना.

मला यातला सगळ्यात मोठा भाग वाटतो तो विचारण्याचा. जिल्ह्याची कोट्यवधींची नवी इमारत उठते तेव्हा पेशंटला आणि त्याच्या माणसाला कोण विचारतं, की बाबांनो, तुम्हाला आत काय लागतं? विचारलं असतं तर बायकांच्या वॉर्डाजवळ नातेवाइकांसाठी कडी लागणारं एक बाथरूम नक्की निघालं असतं. मोबाईल चार्ज करायला जागा निघाली असती. कॉटखाली चादर टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला डोक्याशी घेऊन माणसं झोपली नसती.

*

ज्यांनी न विचारता ओळखलं अशीही माणसं होऊन गेली. गाडगेबाबांनी पंढरपूरला, आळंदीला, देहूला, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती रुग्णांच्या माणसांसाठी. वारकऱ्याला जशी पाठ टेकायला जागा लागते तशी पेशंटच्या भावालाही लागते, हे त्या माणसाला कळलं होतं. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्या घरचे राहतात.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये उघडलं. आज तिथे बिहार, बंगालपासून माणसं येतात. केमो एका दिवसात संपते, पण पुढची तारीख येईपर्यंत मुंबईत राहायचं कुठे? धर्मशाळेत जागा नसली की फुटपाथ. परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून याच कामात आहे. रुग्णसेवा सदनात राहायला जागा देते. अशा संस्थांच्या देणगीपेटीत टाकलेला पैसा थेट कुणाच्या तरी पाठीखाली गादी होतो.

*

वॉर्डात नातं कॉटच्या नंबरावरून लागतं. "सतरा नंबरच्या मावशी, जरा आमच्या म्हातारीकडे बघा हं, मी डबा घेऊन येते." आणि सतरा नंबरची मावशी, जिची स्वतःची सून ऑपरेशनला आत आहे, ती आमच्या सलाईनवरही डोळा ठेवते. भाकरी दोन कॉटांमध्ये मोडली जाते. आडनाव विचारायची कुणाला गरज वाटत नाही. डिस्चार्ज मिळालेली माणसं निघताना उरलेली पावडर, पाण्याची बाटली आणि चटई मागे राहणाऱ्यांना देऊन जातात. आमच्याकडे आलेली चटई आमच्या आधी किती जणांच्या पाठीला लागली होती, ते तिच्या कडांवरून दिसत होतं. आम्ही ती नवीन आलेल्या एका मुलीला दिली. तिच्या आईचा घोटा मोडला होता आणि ती एकटीच बरोबर होती.

*

पैशाविषयी थोडं, कारण वॉर्डात निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सगळं मोफत झालं. हा निर्णय त्या विभागापुरता होता. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, त्यामुळे तिथे गेलात तर आधी विचारून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रुग्णालयात योजनेचा टेबल असतो, तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होतानाच त्याच्याकडे जा. नंतर गेलं की कागदांचा घोळ वाढतो.

मोठी धर्मादाय रुग्णालयं विश्वस्त संस्था म्हणून सवलती घेतात. त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ते स्वतःहून सांगतील याची वाट पाहू नका, मागा. आणि खाजगी रुग्णालयात बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. 2021च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं त्यांना बंधनकारक आहे. भिंतीवर ते शोधा. नसेल तर काउंटरवर विचारा.

बाळंतपणासाठी 102ला फोन केला की गाडी न्यायलाही येते आणि बाळंतिणीला घरी सोडतेही. अपघात, छातीत दुखणं, अशा तातडीच्या वेळी 108. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे.

जेवणाचं म्हणाल तर पेशंटला ताट मिळतं, बरोबरच्याला नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी 2020 मध्ये सुरू झाली, तेव्हा रुग्णालयांच्या आसपास केंद्रं निघाली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात. जिथे ते केंद्र नीट चालतं तिथल्या दुपारच्या रांगेत सगळ्यात जास्त कोण असतं ते बघा. एका हातात केसपेपरची प्लास्टिकची पिशवी धरलेली माणसं.

*

कोरोनात नातेवाईक पूर्णपणे बाहेर राहिले, त्याला इलाज नव्हता. तेव्हाच कळलं, की पाण्याचा पेला तोंडाशी धरणं, पाठ फिरवणं, "घास घे" म्हणून मागे लागणं, ही कामं आजवर कोण करत होतं. पीपीई किट घातलेल्या सिस्टरनी स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिले, कित्येकांना शेवटचा चेहरा तसाच दिसला. त्या सिस्टरचे उपकार मोठे आहेत. पण त्या दोन वर्षांचा धडा रुग्णालयांच्या कारभारात कुठे उतरलेला दिसत नाही. नातेवाईक पुन्हा आत आला आणि पुन्हा चटईवरच झोपला.

*

डिस्चार्जचा दिवस. हातात कागदांचा गठ्ठा, गोळ्यांची पाकिटं आणि "पंधरा दिवसांनी दाखवायला या." आमच्या औषधखिडकीवरच्या माणसानं प्रत्येक पाकिटावर पेनानं छोटा सूर्य किंवा चंद्र काढून दिला, सकाळच्या गोळ्यांवर सूर्य, रात्रीच्यांवर चंद्र. सासूबाईंना वाचता येत नाही. त्या घरी आल्यावर आपल्या गोळ्या आपण घेऊ लागल्या. रांग मोठी होती, मागचे घाई करत होते, तरी त्यानं प्रत्येक पाकिटावर ते काढलं आणि सासूबाईंकडून एकदा म्हणवून घेतलं, "ही कधी घ्यायची, आजी?"

*

सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे थोडा निधीही येतो. खर्च कशावर करायचा हे ती ठरवू शकते. तुमच्या तालुक्यातल्या रुग्णालयाची समिती कोणाची आहे ते शोधून काढा, आणि नातेवाइकांसाठी बाकडी, बाथरूम, पिण्याचं पाणी आणि रोज ठरलेल्या वेळी माहिती सांगणारं एक माणूस मागणारा अर्ज तिला द्या. दहा जणांच्या सह्या असल्या तर तो अर्ज बाजूला टाकणं अवघड जातं.

आणि या आठवड्यात ओळखीचं कुणी दवाखान्यात असेल, तर शहाळं राहू द्या. भाकरी-भाजीचा डबा घेऊन जा आणि कॉटजवळ बसलेल्या माणसाला म्हणा, "गोळ्यांच्या वेळा मला लिहून दे, मी संध्याकाळपर्यंत बसतो. तू घरी जा, अंघोळ कर, झोप आणि मग ये."